वरीलप्रमाणे

त्या कॉलेजात कविता शिका, नाहीतर तारे मोजा, कुणाची ना नव्हती. फक्त कुठे जायचं म्हटलं की पंचाईत. चहूकडे शेतं, शहर बावीस किलोमीटर लांब आणि कॉलेजची गाडी एकच. ती शनिवारी दुपारी दोनला सुटायची, तीही ऑफिसबाहेरच्या कागदावर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत दहा नावं पडली तरच. नऊ पडली, तर बसा खिडकीतून शेतं बघत!

पहिल्या वर्षाच्या एका मुलीला अख्खं हॉस्टेल ‘पाहुणी’ म्हणायचं. अडीच महिने झाले तरी बाईसाहेबांची बॅग पलंगाखाली भरलेलीच. कपडे त्यातून काढायची, धुऊन त्यातच ठेवायची. कुणाशी बोलायची नाही, आणि संध्याकाळी फोनवर ताईजवळ रडायची. शेवटी ताईचाच धीर सुटला. तिला दूर कुठेतरी नोकरी लागली होती. “शनिवारी चारला माझी ट्रेन तुमच्या शहरात दहा मिनिटं थांबते,” ती म्हणाली. “तुझंही तिकीट काढलंय. एवढं करमत नाही ना, मग चल माझ्याबरोबर. तिकडे बघू दुसरं कॉलेज.”

पाहुणीचा जीव भांड्यात पडला. पण शुक्रवारी दुपारी कागद बघते तर काय, एकही नाव नाही! सोमवारी चाचणी होती, सगळे पुस्तकात तोंड खुपसून बसलेले. तिने पहिलं नाव स्वतःचं लिहिलं, कागद पॅडसकट उचलला आणि माणसं गोळा करायला निघाली. मेसमध्ये मीठ मागायला लाजणारी ती मुलगी, तिला आता नऊ जणांची मनधरणी करायची होती. करते काय बिचारी!

आधी तिने रूममेटला गाठलं. आवाजामुळे तिचं नाव भोंगा.

“ताईला भेटायला जायचंय. येशील?”

“मला शहरात काडीचं काम नाही, म्हणजे मी मोकळीच आहे. लिही!” असं म्हणून भोंग्याने व्हरांड्यात एक हाळी दिली आणि आणखी चौघी उभ्या केल्या. ग्रंथपालबाईंच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली होती, त्यांनी लगेच होकार दिला. तत्त्वज्ञानाच्या सरांनी “माणूस शहरात का जातो?” असं विचारून बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, “केस कापायला. बायको महिनाभर मागे लागली आहे.” मेसच्या मावशींनी बसवून चहा पाजला आणि स्वतःच्या बहिणीचंही नाव दिलं. झाले दहा! खरं सांगायचं तर शेवटी शेवटी पाहुणीला मजाच यायला लागली होती.

शनिवारी सगळे वेळेवर गाडीत बसले. पाहुणीच्या मांडीवर बॅग होती. “ताईचे कपडे,” तिने सांगितलं. ड्रायव्हरकाका म्हणजे कागदाचा माणूस. जे कागदावर नाही ते जगात नाही. त्यांनी यादी वाचली आणि मागे वळून बघितलं.

“परत कुणीच येणार नाही? छान. तुम्हाला सोडून गाडी सर्व्हिसिंगला टाकतो.”

“काका, आम्ही काय तिकडे संसार थाटणार आहोत?” भोंगा ओरडली.

“मला काय विचारता? पहिल्या ओळीत ‘जाताना’ला बरोबरची खूण आणि ‘येताना’ला फुली. खाली नऊच्या नऊ जण ‘वरीलप्रमाणे’.”

घाईत पाहुणीने सगळ्यांपुढे तेवढाच शब्द लिहून टाकला होता. आता सगळ्यांच्या नजरा तिच्या बॅगेवर आल्या. तिचे कान तापले.

“मी परत येणार नाहीये,” ती म्हणाली, आणि मग अडवून धरलेलं सगळंच सांगून बसली.

भोंग्याचा आवाज जन्मात पहिल्यांदा खाली आला. रडवेली होऊन ती म्हणाली, “आधी सांगितलं असतंस तर मी नावच दिलं नसतं!”

“आणि माझी तीन पुस्तकं?” ग्रंथपालबाई म्हणाल्या.

सरांनी घसा साफ केला. “तिचं तिला ठरवू दे. काका, गाडी आधी स्टेशनला घ्या. निरोप तरी नीट देऊ.”

ट्रेन आली. दारात ताई, हातात दोन तिकिटं. पाहुणीच्या मागे रांगेत दोऱ्याचा चष्मा, वाढलेले केस, डोळे पुसणारी भोंगा आणि वाटेत भूक लागेल म्हणून पुरचुंडी घेतलेल्या मावशी बघून ताई चक्रावलीच.

“अगं, कोण ही माणसं?”

“माझ्या कॉलेजची.”

“तुझ्याशी कुणी बोलत नाही म्हणत होतीस ना?”

“कालपासून बोलतात.” पाहुणीने मागे वळून रांगेकडे बघितलं. “म्हणजे, मी कालपासून बोलते.”

ताईने तिच्या डोक्यात एक टपली मारली आणि तिला घट्ट जवळ घेतलं. “मला फोनवर रडवून रडवून मारलंस, वेडे! चढतेस की नाही?”

शिट्टी झाली. पाहुणीने मावशींच्या हातातली पुरचुंडी घेऊन ताईच्या हातात कोंबली. “तू जा, ताई. माझी सोमवारी चाचणी आहे.”

गाडी हलली. ताई दारातून वाकून सगळ्यांना ओरडून सांगत होती, “सांभाळा हो हिला!”

“आम्ही काय सांभाळणार?” भोंग्याचा आवाज अख्ख्या फलाटाने ऐकला. “हिनेच आणलंय आम्हा सगळ्यांना!”

पाहुणीला रडूही येत होतं आणि हसूही आवरत नव्हतं. ती तिथेच बॅगेवर बसली.