पहिल्या खेपेचं नको

अर्डिस नायगार्डने दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत मजकूर पुरा केला आणि खुर्ची मागे सरकवून तो लांबून वाचून पाहिला.

‘नमस्कार. तसदीबद्दल माफ करा. तुम्हाला सवड असेल तर, शाळेच्या स्वयंपाकघराविषयी एखादं पत्र लिहायचं झालं तर त्यात काय लिहितात, ते थोडंसं सांगाल का? घाई अजिबात नाही. नाही सांगितलंत तरी चालेल.’

ग्रंथालयातली मायसी शाँग तिच्या मागे येऊन उभी राहिली. संगणकातल्या त्या हुशार मदतनीसाकडून काम कसं करून घ्यायचं, हे ती दर मंगळवारी दुपारी गावातल्या वयस्कर मंडळींना शिकवायची. लहानपणी शाळेत ती सहा वर्षं अर्डिसच्याच हातचं जेवण जेवली होती.

“घाई नाही कशी, मिसेस नायगार्ड? अर्जाची मुदत शुक्रवारी संपतेय ना?”

“हो, पण त्याच्या मागे कशाला लकडा लावायचा?”

“अहो, ते यंत्र आहे!”

यंत्राने दीड पान उत्तर दिलं. पत्राच्या वर तारीख घालावी, सुरुवातीला नमस्कार लिहावा, शेवटी सही करावी, असलं काहीतरी.

“छान आहे की,” अर्डिस म्हणाली.

“याचा तुम्हाला काही उपयोग आहे?”

“तसा नाही. पण बिचाऱ्याने लिहिलंय एवढं.”

मायसीने कपाळाला हात लावला. पण अर्डिसला दोष देण्यात अर्थ नव्हता. उत्तर मिनेसोटातल्या आमच्या या गावात मागणं म्हणजे जवळजवळ पाप. कॉफी घेणार का, असं विचारलं की पहिल्या खेपेला ‘नको’, दुसऱ्या खेपेला ‘उगाच कशाला’ आणि तिसऱ्या खेपेला ‘बरं, अर्धा कप’, हा इथला शिरस्ता. पहिल्याच खेपेला हो म्हणणारा माणूस एक तर परगावचा असतो, नाहीतर हावरट.

आणि अर्डिसला तर या वेळी अर्धा कप नको होता. तिला सगळी किटली हवी होती. मागच्या एप्रिलमध्ये मुख्य स्वयंपाकीण व्हर्ना निवृत्त झाली, तेव्हापासून अकरा महिने शाळेच्या स्वयंपाकघराचा सगळा कारभार अर्डिसच ओढत होती. रोज साडेतीनशे मुलांचं जेवण. हुद्दा मात्र तोच जुना, दुय्यम स्वयंपाकिणीचा. पंधरा दिवसांपूर्वी मुख्य स्वयंपाकिणीच्या जागेची जाहिरात शिक्षकांच्या खोलीच्या दारावर लागली. तयार जेवणाचे गोठवलेले डबे पुरवणाऱ्या एका कंपनीतल्या माणसाने अर्ज केला, अशी बातमीही आली. तो आला की ओट्यावर पीठ मळणं बंद, डबे फोडायचे आणि गरम करायचे. अर्डिसने ती जाहिरात चार वेळा वाचली, कोणाशी चकार शब्द बोलली नाही, आणि आज तिने ग्रंथालय गाठलं होतं. ती जागा तिला मनापासून हवी होती.

“ताकाला जाऊन भांडं लपवू नका,” मायसी म्हणाली. “तुम्ही कोण, तुम्हाला काय हवंय, पत्र कोणाला जाणार, किती लांबीचं हवं. एवढं सगळं सांगायचं. त्याला तुमचा चेहरा दिसत नाही, मनातलं तर नाहीच नाही.”

अर्डिसने पुन्हा बोटं चालवली. ‘शाळेत मुख्य स्वयंपाकीण हवी आहे. त्या जागेसाठी अर्जाचं पत्र द्या. एक पान.’ हवी आहे म्हणजे शाळेला हवी आहे. स्वतःचं नाव तिने अजूनही घातलं नव्हतं.

या खेपेला पत्र मात्र झकास आलं. त्यातली बाई पाकशास्त्राची पदवीधर होती, तिने तीन शहरांतली मोठमोठी स्वयंपाकघरं चालवली होती, आणि तिच्या धमन्यांतून म्हणे रक्ताऐवजी नेतृत्व वाहत होतं.

“अगं बाई! ही कोण?”

“तुम्ही सांगितलं नाहीत, म्हणून त्याने मनाने भरलं,” मायसी हसत म्हणाली. “रिकामी जागा ठेवली की ते अशी थाप मारून मोकळं होतं.”

“मग शाळेने या बाईलाच देऊन टाकावी नोकरी,” अर्डिस म्हणाली. तिने पर्स उचलली, कोटाची बटणं लावली आणि दारापर्यंत गेली. तिथे थोडा वेळ उभी राहिली. मग परत आली आणि कोट न काढताच संगणकासमोर बसली.

बुधवारीही ती आली, शाळेची भांडी घासून झाल्याबरोबर, केसांवरची जाळी तशीच. मायसीने तिला नवी युक्ती शिकवली: मनाने काही घालू नकोस, माहीत नसेल ते मला विचार, असं त्यालाच बजावायचं. अर्डिसने बजावलं. तेवीस वर्षांची नोकरी, साडेतीनशे ताटं, गुरुवारची घेवड्याची उसळ आणि दालचिनीचे पाव, ज्या पोराला शेंगदाण्याने धाप लागते त्याचं वेगळं पातेलं, हे सगळं तिने लिहिलं. विनंती-माफी हे शब्द या वेळी फक्त दोनदा आले.

यंत्राने पाच प्रश्न विचारले. चार तिने चटाचट सोडवले. पाचवा असा होता: ‘ही जागा तुम्हाला पूर्वी कोणी देऊ केली होती का?’

‘नाही,’ अर्डिसने लिहिलं.

ती अक्षरं खोडून तिने हात मांडीवर ठेवले. शेजारच्या खुर्चीवरचे म्हातारबुवा आपल्या ट्रॅक्टरबद्दल यंत्राशी भांडत होते. अर्डिसने मान वळवून मायसी कुठे आहे ते पाहिलं. ती लांब होती.

‘होय,’ तिने लिहिलं. ‘जानेवारीत शाळेचे अधीक्षकसाहेब स्वतः स्वयंपाकघरात आले होते. ही जागा तुम्ही घ्याल का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणाले, छे, मला कशाला, माझ्याहून चांगल्या कितीतरी आहेत.’ हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

उत्तर लगेच आलं. ‘तुम्हाला तेव्हा ही जागा नको होती का?’

‘हवी होती.’

‘हे तुम्ही त्यांना सांगितलं आहे का?’

अर्डिसचे कान तापले. यंत्राला राग नव्हता, टोमणा नव्हता, नुसता प्रश्न होता, आणि म्हणूनच तो जास्त लागला. अकरा महिने ती गावावर, शाळेवर आणि आता त्या डबेवाल्यावर मनातल्या मनात जळफळत होती. तिला काय हवं ते मायसीखेरीज गावात कोणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक असणार तरी कसं?

तिने खुर्ची पुढे ओढली. ‘मला ही नोकरी हवी आहे,’ तिने लिहिलं. ‘पत्राचं पहिलं वाक्य हेच ठेव. खाली मी सांगितलेल्यातलंच घाल. दहा ओळींच्या वर जायचं नाही.’

शुक्रवारी अडीच वाजता, मुदत संपायला दीड तास असताना, ती पत्र घेऊन अधीक्षक रुबेन त्रुहियो यांच्या खोलीत गेली. त्रुहियो दोन वर्षांपूर्वी न्यू मेक्सिकोहून आलेले, मनमोकळे गृहस्थ. त्यांनी पत्र उभ्या उभ्याच वाचलं, मग खाली बसून पुन्हा वाचलं.

“पण मिसेस नायगार्ड, जानेवारीत मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणालात.”

“हो, म्हणाले.”

“तुम्हाला खरंच नको आहे असं समजून मी जाहिरात काढली. मग नाही का म्हणालात?”

“तुम्ही एकदाच विचारलंत.”

त्रुहियोंनी पत्र खाली ठेवलं. “किती वेळा विचारायला हवं होतं?”

“तीन.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. दोन वर्षांत ज्या ज्या कामांना गावातले लोक नाही म्हणाले, ती सगळी त्यांच्या डोळ्यांसमोरून जात असावीत. “अरे देवा,” ते हळूच म्हणाले.

मग त्यांनी वही उघडली. “हे पाहा, आता जाहिरात निघालीय. मुलाखत सगळ्यांचीच घ्यावी लागणार, त्या दुसऱ्या अर्जदाराचीसुद्धा. मला तुम्हाला शब्द देता येणार नाही.”

“शब्द नका देऊ. मुलाखत घ्या.”

“सोमवारी सकाळी नऊला. चालेल ना?”

‘चालेल’ हा शब्द अर्डिसच्या ओठांपर्यंत आला होता. आयुष्यभर तो असाच आपला आपण येत आला होता. तिने तोंड मिटलं आणि एक श्वास घेतला.

“नऊला नाही,” ती म्हणाली. “नऊला माझे पाव भट्टीत असतात. साडेआठला ठेवा.”

त्रुहियोंनी नऊ खोडून साडेआठ लिहिलं.