सहासष्ट पायऱ्या आणि एक जावई

सार्वजनिक ग्रंथालयाची इमारत तीन मिनिटे चाळीस सेकंदांत रिकामी होते, असे व्यवस्थापक छातीठोकपणे सांगत. आणि ते खरेही होते. मात्र त्यामागची कार्यपद्धती सासूबाईंना आतून ठाऊक होती.

सासूबाई व्यवस्थापकांच्याच. पाणीपुरवठ्याच्या नकाशा विभागात चौतीस वर्षे आरेखन करून त्या निवृत्त झाल्या. पुढे मणक्याने दगा दिला आणि चाकांची खुर्ची आली. पण ग्रंथालयाच्या तिसऱ्या मजल्यावरचे जुने नळनकाशे त्यांना स्वस्थ बसू देईनात. चार हात लांबीच्या सपाट खणांत कोंबलेल्या त्या नकाशांची सूची करण्याचे काम त्यांनी आपणहून अंगावर घेतले होते. एकोणीस खण झाले होते, बारा उरले होते.

दर सहा महिन्यांनी आगीचा सराव असे. भोंगा अकराला वाजायचा. पावणेअकराला शिपाई वर येऊन अदबीने म्हणायचा, "बाई, साहेबांनी चहाला बोलावलंय." सासूबाई लिफ्टने खाली येऊन चहा घेत, मग भोंगा वाजे, लिफ्ट बंद होई आणि बाकीचे लोक जिन्याने उतरत. जिना न उतरू शकणारी एकमेव वाचक अशी आगीआधीच वाचलेली असल्यामुळे साहेबांच्या विक्रमाला कधी धक्का लागला नाही. खरी आग चहाचे निमंत्रण पाठवून येते का, हे कोणी विचारले नव्हते.

यंदा मात्र एक सूचना लागली: जिना उतरू न शकणाऱ्या वाचकांनी पुढील महिन्यापासून तळमजल्यावरच बसावे, त्यांना हवे ते खाली आणून दिले जाईल.

"आणि माझे खण?" सासूबाईंनी जेवताना विचारले.

"आई, तुमच्याच भल्यासाठी आहे हो."

"माझं भलं करणाऱ्यांची रांगच लागलीय! तो खण लिफ्टमध्ये आडवा मावत नाही, उभा केला तर जुने कागद फाटतात. माझं काम बंद, असं सरळ म्हणा ना, जावईबापू."

"या वेळी अग्निशमनच्या अधिकारी बाई येणार आहेत. तुम्हाला खाली आणायची सोय नाही असं त्यांनी लिहिलं, तर अख्ख्या इमारतीचा दाखला अडकेल."

"सोय नाही? मग जिन्याजवळच्या पिवळ्या कपाटात काय आहे?"

"ती जिन्यावरून उतरवायची खुर्ची आहे खरी," जावई घास गिळत म्हणाले, "पण ती वापरायला नसते. असायला असते."

मुलीने हसू दाबायला पाण्याचा पेला तोंडाला लावला. "आई, तू काही करणार नाहीयेस हं."

"मी बापडी काय करणार? मला तर चालताही येत नाही."

सरावाच्या दिवशी पावणेअकराला ठरल्याप्रमाणे निमंत्रण आले. सासूबाई निमूटपणे खाली आल्या, चहा प्यायल्या, चहाची स्तुतीही केली. व्यवस्थापक पाहुणीच्या स्वागतासाठी फाटकाकडे वळताच त्यांनी शिपायाला खूण केली.

"साहेब मला कच्चा खातील, बाई."

"खाऊ दे. त्यांना पचायला तू फार चिवट आहेस. चल, लिफ्ट बंद व्हायच्या आत."

अकराला भोंगा वाजला. शिपायासकट सगळे जिन्याने उतरून गेले. सासूबाई नकाशांच्या दालनात, उघड्या खिडकीशी, हाताची घडी घालून बसल्या. खालून जावयाचा विजयी आवाज आला, "तीन मिनिटं अडतीस सेकंद! आत चिटपाखरूसुद्धा नाही!"

"अहो जावईबापू," चिटपाखरू वरून म्हणाले, "मी जळून गेले का हो? तसं असेल तर पोरीला निरोप द्या, जेवायला थांबू नकोस म्हणावं!"

मैदानातल्या सगळ्या माना एकदम वर झाल्या.

अधिकारी बाई वयाने मुलीहून लहान होत्या. सहासष्ट पायऱ्या चढूनही त्यांना धाप लागली नव्हती. मागून शिपाई आला आणि त्याच्याही मागून, लोहाराच्या भात्यासारखे श्वास टाकीत, जावई. कपाट उघडले. खुर्चीवर कारखान्याचे प्लास्टिक जसेच्या तसे होते.

"कधी वापरली होती?" अधिकारी बाईंनी विचारले.

"दर सहा महिन्यांनी पुसतो," जावई प्रांजळपणे म्हणाले.

"मग मणका दुखावलेल्या बाईंना एकदम बसवायचं नाही. आधी धडधाकट माणूस हवा. त्यांच्याहून वजनदार असला तर उत्तम."

सासूबाईंनी बोट दाखवले. "घरचंच माणूस आहे. संकोच नको."

जावयाला बसवून छातीवर, कमरेवर आणि पायांवर पट्टे आवळले. खुर्चीच्या पाठीखाली दोन रबरी पट्टे होते. पायऱ्यांच्या कडांवर दाबून ते वजन धरून ठेवतात आणि खुर्ची सावकाश घसरते. मूठ कशी धरायची ते अधिकारी बाईंनी शिपायाला समजावले. खुर्ची पहिल्या पायरीवर कलली, आणि व्यवस्थापकांनी जी हाक दिली ती पुन्हा भोंगा वाजल्यासारखी मैदानापर्यंत गेली. "आई गं!" "आई इथे आहे," सासूबाईंनी वरून धीर दिला, "तुम्ही सावकाश जा." दुसऱ्या मजल्यावर "अरे हळू!", पहिल्या मजल्यावर "अरे बाबा!", आणि मग तळमजला.

रिकामी खुर्ची वर आली तेव्हा जावईही मागोमाग पायऱ्या चढत आले. आता पाळी सासूबाईंची.

पायरीची उंची, जिन्याचा उतार, पट्ट्यांची पकड, सगळ्याचा हिशेब त्यांनी कागदावर केला होता. पण खुर्ची कलली, आणि पुढे जी पोकळी दिसली ती हिशेबात धरलेली नव्हती. त्यांनी शेजारून उतरणाऱ्या माणसाची बाही घट्ट पकडली. ती जावयाची होती. पाच-सहा पायऱ्यांनंतर पट्ट्यांची घरघर एकसारखी झाली, श्वास सापडला. बाही मात्र तळमजल्यापर्यंत सुटली नाही.

"बाई, चेहरा पांढरा पडलाय तुमचा," अधिकारी बाई लेखणी काढून म्हणाल्या. "वाचक असे घाबरत असतील तर मला तुमच्या साहेबांची सूचनाच कायम करावी लागेल. खरं सांगा, भीती वाटली?"

सासूबाईंनी मनातल्या मनात हिशेब मांडला. नाही म्हणावे तर चेहरा खोटे पाडणार. हो म्हणावे तर बारा खण गेले. अधिकारी बाईंनी व्यवस्थापकांकडे पाहिले. "तुम्ही बसला होतात. तुम्ही सांगा."

जावयाने चुरगळलेली बाही सारखी केली.

"वाटते," ते म्हणाले. "पहिल्या पायरीला जीव कंठाशी येतो. नंतर नाही. चार वेळा सराव झाला तर पहिल्या पायरीलाही वाटणार नाही." ते किंचित घुटमळले. "सूचना मी मागे घेतो."

अधिकारी बाईंनी वही उघडली: इमारत पूर्ण रिकामी, वेळ एकोणीस मिनिटे, प्रत्येक मजल्यावर दोघांना खुर्चीचे प्रशिक्षण द्यावे, वरच्या मजल्यांवर बसण्यास कोणालाही मज्जाव नसावा.

"एकोणीस मिनिटं!" जावई कण्हले. "माझ्या विक्रमाची पार वाट लावलीत, आई."

"पुढच्या वेळी तुम्ही कमी ओरडा," सासूबाई म्हणाल्या, "तेवढीच दोन मिनिटं वाचतील. आता लिफ्ट चालू करा. विसावा खण अर्धा उघडा टाकून आलेय मी."