नाळेची पेटी

"झाकण बसत नाही," तोकिएमावशी म्हणाली आणि कागदाची पेटी माझ्या पांघरुणावर ठेवून खिडकीबाहेर बघायला लागली.

मी बाळाला पाजत होते. तिच्या तोंडून असलं वाक्य मी जन्मात ऐकलं नव्हतं. आमच्या बेटावरच्या एकुलत्या एक प्रसूतिगृहात ती आया होती आणि माझ्यासकट निम्म्या बेटाला पहिली आंघोळ तिनेच घातली होती. बाळाची वाळलेली नाळ गळून पडली की ती जपायला आमच्याकडे लाकडी पेटी देतात. एकदा वादळात बोट आली नाही, पेट्या संपल्या, म्हणून मावशीने कागदाची घडवली. मग बाळंतिणीच लाकडी नको म्हणायला लागल्या. लेक लग्न होऊन निघाली की आई ती पेटी तिच्या हातात देते. माझी माझ्या कपाटात आहे.

माझी नागिसा इथलं शेवटचं बाळ. यापुढे प्रसूतिगृह बंद आणि बाळंतपणाला बोटीने पलीकडे जायचं. मावशीची बोटं संधिवाताने वाकडी झालेली, म्हणून कुरोसे डॉक्टरांनी गुलाबी प्लास्टिकची डबी मागवली होती. झाकणावर बगळा. हेतू चांगलाच होता, पण मावशीने शिळा मासा उलटून बघावा तशी ती बघितली.

"हिच्यात काय ठेवायचं, कान कोरायच्या काड्या?"

"मावशी, बोटं दुखतात ना तुमची?"

"दुखतात ती माझी. तुम्ही आपलं दुकान आवरा, डॉक्टरसाहेब."

शेवटच्या बाळाची पेटीसुद्धा तिला स्वतःच्या हातचीच द्यायची होती. हातकागदाचे दोनच चौकोन उरले होते. ते बनवणाराही आता राहिला नव्हता. दोन्ही एका मापाचे. त्यांतल्या तळाच्या कागदाची कड किंचित कापायची, म्हणजे तळ जरासा लहान होतो आणि झाकण त्याच्यावर बसतं. झाकणाच्या कागदावर बाळाचं नाव घडी घालायच्या आधीच लिहायचं, कारण घडलेल्या पेटीवर कुंचल्याची ओली शाई लागली की ती दबते. झाकण आधी, तळ नंतर. आधी कळस मग पाया, असं आम्ही तिला चिडवायचो. पेटी झाली की झाकण नुसतं वर ठेवायचं, दाबायचं नाही. ते आपलं आपण हळूहळू खाली उतरतं. नाही उतरलं तर मावशी पेटी चुलीत टाकायची.

आज ते तळावर चढतच नव्हतं.

"चिहारु, पोरी," ती म्हणाली, "मी नावाचाच कागद कापला गं. नाव खालच्या बाजूला होतं, दिसलं नाही."

"चष्मा कुठाय तुझा?"

"खिशात."

"खिशातून दिसतं का?"

कागद कापतानाही डॉक्टर असेच दारात उभे होते, म्हणून तिने तो लावला नव्हता. म्हातारपण त्यांच्यासमोर कबूल करायचं म्हणजे अगदी जिवावर यायचं तिच्या.

"दे ती डबी," ती शेवटी म्हणाली. "बगळा तरी सरळ उभाय त्याच्यावर."

मला ती डबी नको होती, पण मावशीच्या वाकड्या बोटांपुढे हट्ट कसा धरणार?

तेवढ्यात माझा नवरा दाइगो संत्र्यांची पिशवी घेऊन आला. तो बोटीवर दोरखंड बांधायचं काम करतो, त्यामुळे सगळीकडे ओरडूनच बोलतो. झाला प्रकार ऐकून म्हणाला, "मग उलटं करा की. झाकणाचा तळ करा न् तळाचं झाकण."

"न् लेकीचं नाव बुडाखाली? अरे, काही लाज?"

"बोटीचं नाव काय शिडावर लिहितात, मावशी? खालीच असतं ना? पाण्यालगत. तरी बोट जाते सगळीकडे."

मावशीने त्याच्याकडे असं बघितलं, की आता याला पुन्हा धरून आंघोळ घालते की काय असं वाटलं. पण तिने हात पुढे केला. नाव लिहिलेला भाग पालथा होता तो उताणा ठेवला, वाळलेली नाळ कापसात गुंडाळून आत ठेवली आणि कोरा भाग वर टेकवून हात काढून घेतला. आम्ही चौघं बघत राहिलो. नागिसा झोपली होती. झाकण उतरलं, सावकाश, जसं उतरायला हवं तसं.

"बसलं," डॉक्टर म्हणाले.

"बसणारच," मावशी म्हणाली. पण तिचे डोळे भरले होते.

आता झाकण कोरं दिसत होतं. मी म्हटलं, "मावशी, इथे तुझं नाव लिही."

"माझं कशाला? मी काय हिची आई आहे? मी आया."

"लिहा ना," डॉक्टर म्हणाले आणि कोटाच्या खिशातून पेन्सिल काढली. "ही कोरडी. हिने पेटी दबायची नाही."

मावशीने पेन्सिल घेतली. मग खिशातून चष्मा काढला, डॉक्टरांसमोरच नाकावर चढवला आणि एका कोपऱ्यात, मुंगी बसावी एवढं लिहिलं. तोकिए.

"पेन्सिलीचंय," ती मला म्हणाली. "पुढं नकोसं वाटलं तर खोडता येईल."

मावशी मागच्या संत्र्यांच्या हंगामात गेली. नागिसा आता शाळेत जाते आणि अधूनमधून पेटी बघायचा हट्ट करते. ते अक्षर पुसट होत चाललंय, म्हणून झाकणाला आम्ही कोणी बोट लावत नाही. पेटी उचलायची तर खालून, तळहात लेकीच्या नावाखाली धरून.