ऱ्होड आयलंडची रिकामी खुर्ची

जुईली शाळेच्या सभेत बोलली, तर तिच्यापेक्षा तिच्या बापाचा, राजनचाच फायदा मोठा होता. कुवेतमधल्या अबू हलीफाच्या त्यांच्या इमारतीतले दत्तप्रसाद लिफ्टमध्ये गाठून सांगत, "आमचा ओंकार व्हर्जिनिया झालाय. सर्वांत वजनदार राज्य!" त्याला उत्तर द्यायचं होतं. शिवाय मराठी मंडळाच्या दिवाळीत जुईली माइकसमोर रडून खाली उतरली होती, ते लोकांनी विसरायला हवं होतं.

शाळेत अमेरिकेची घटना ठरवणारी सभा उभी करायची होती. स्वातंत्र्य मिळालं, पण तेरा राज्यांची तोंडं तेरा दिशांना; म्हणून एक केंद्र सरकार बांधायला भरलेली सभा. प्रत्येक मुलाने एक राज्य घ्यायचं. जुईलीने सगळ्यांच्या आधी हात वर करून ऱ्होड आयलंड मागितलं.

"सगळ्यात चिमुकलं?" राजन म्हणाला. "असू दे. भाषण दणदणीत करू."

रिफायनरीत एकेक व्हॉल्व्ह पुन्हा पुन्हा तपासणारा हा गृहस्थ इथे काही न तपासता भाषण लिहून मोकळा झाला. खैतान भागातल्या शिंप्याने निळा कोट शिवला. जुईलीच्या आईने, चारुशीलाने, हॉस्पिटलातली ड्युटी हुस्ना सिस्टरच्या सुट्टीशी बदलून घेतली. जुईली शांतपणे वरणभात जेवत होती.

"बघ, भीती गेली तिची," राजन बायकोला म्हणाला.

सभेत मिसनी हजेरी घेतली. "ऱ्होड आयलंड?"

स्टेजवरची खुर्ची रिकामी. जुईली कोट घालून खाली आईबाबांच्या मध्ये बसलेली.

"अगं, ऊठ!" राजनने कोपराने ढोसलं.

"बाबा, दे नेव्हर केम. त्यांनी कुणाला पाठवलंच नव्हतं."

"करेक्ट!" मिस हसल्या. "का नाही पाठवलं? ऱ्होड आयलंडचे बाबा सांगतील. हातात कागद दिसतोय."

कागदावर एकजुटीचं भाषण होतं. काडीच्या उपयोगाचं नव्हतं. राजन उठला. माइक हातात आला आणि तो कपाळाचा घाम पुसू लागला. त्याने लेकीकडे पाहिलं.

"आम्ही लहान," तो मोडक्या इंग्रजीत म्हणाला. "मोठे आम्हाला न विचारता सगळं ठरवतील, अशी भीती वाटली."

टाळ्या पडल्या. दत्तप्रसादांच्याही.

"कळलं, माइकसमोर काय होतं ते?" चारुशीला म्हणाली.

"कळलं गं बाई." राजन धपकन बसला. "पण जुई, आधी सांगायचं ना!"

"तू विचारलंस कुठे?" म्हणत ती कोटाची बटणं सोडून खदखदून हसली. दिवाळीपासून अशी हसली नव्हती.

एकूण हिशेब असा: सुट्टी हुस्नाची गेली, मेहनत शिंप्याची, घाम राजनचा. ऱ्होड आयलंडला स्टेजवर एक शब्दही खर्चावा लागला नाही.