मानलेलं खोटं

आमच्या ह्यांनी जन्मभर कॉलेजात मध्ययुगीन तर्कशास्त्र शिकवलं आणि घरी माझं डोकं खाल्लं. भाजीत मीठ आहे का विचारा, म्हणतील, "आधी 'आहे' म्हणजे काय ते सांग." कपाळ माझं!

त्यातून ह्यांचा एक लाडका खेळ. सात-आठशे वर्षांपूर्वीचे पंडित म्हणे तो खेळायचे. एकाने धडधडीत खोटं विधान मांडायचं. दुसऱ्याने ते मान्य करायचं आणि पुढच्या प्रत्येक प्रश्नाला त्याला धरूनच उत्तर द्यायचं. स्वतःचंच बोलणं खोडलं की हरला. नवीन लग्न झालेलं तेव्हा मी मांडलं, "तुम्ही घरकामात मदत करता." थोड्याच वेळात हे मुकाट्याने भांडी घासत होते.

तर आमच्या लेकीचा जीव जडला तो नेमका ह्यांच्याच एका विद्यार्थ्यावर. मुलगा गुणी, पण ह्यांच्यासमोर त्याची बोबडी वळायची. "बाबा हो म्हणाले तरच लग्न," लेकीने निक्षून सांगितलेलं. आणि ह्यांना विचारलं की एकच, "विचार करतोय." वर्ष होत आलं तरी विचारच! त्याला परगावी नोकरी लागली. निघायच्या आदल्या दिवशी तो घरी आला.

चहा झाला, हवापाण्याच्या गप्पा झाल्या, स्वारी मुद्द्यावर येईना. मी डोळे वटारले. तेव्हा घाम पुसत म्हणतो कसा, "सर, खेळायचं का?"

ह्यांची कळी खुलली. "मांड विधान!"

"तुमचा... आमच्या लग्नाला होकार आहे."

वा रे पठ्ठ्या! एकदा मान्य केलं की लग्नाची तारीख ठरेपर्यंत ह्यांची सुटका नाही.

ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "अमान्य."

लेकीचा चेहरा पडला. तो बिचारा उठून दाराशी चपला शोधायला लागला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"अहो, खोटं खोटंसुद्धा हो म्हणवत नाही तुम्हाला? काळीज आहे की दगड?"

"अगं, पण मान्य करू कसं?" हे गोंधळून म्हणाले. "खेळाला खोटं विधान लागतं. ह्यात खोटं काय आहे?"

दाराशी चपलांची शोधाशोध थांबली.

"मग वर्षभर कसला विचार करत होतात?" मी ओरडलेच.

ह्यांनी लेकीकडे पाहिलं. "ही गेल्यावर मी राहायचं कसं, त्याचा."