बाथरूमची कडी

निवासी उपचार केंद्राच्या प्रमुख स्वतः घरी आल्या, तेव्हाच सुताराच्या मनात पाल चुकचुकली. त्याच्या मुलीला तिथून शुक्रवारी घरी सोडणार होते. समुपदेशक घर पाहून गेली होती, कागद झाले होते. आता मोठ्या बाईंचं काय काम?

त्यांनी थेट बाथरूमचं दार पाहिलं. आतून कडी नव्हती. आठ महिन्यांपूर्वी मुलगी तिथेच कोंडून घेऊन बसली होती. दार फोडलं तेव्हा बेशुद्ध होती. त्यानंतर सुताराने घरातली प्रत्येक कडी काढून टाकली होती.

"बाहेरून किल्लीने उघडेल अशी बसवा," प्रमुख म्हणाल्या. "त्याशिवाय तिला पाठवणार नाही."

"किल्ली सापडेपर्यंत व्हायचं ते होऊन जातं, मॅडम."

"केंद्रात तीन महिन्यांपूर्वी बसवल्या. सगळे कर्मचारी विरोधात होते, म्हणून आदेशावर मी एकटीने सही केली. तुमची मुलगी रोज कडी लावते आणि रोज बाहेर येते."

त्या गेल्यावर सुतार बायकोला म्हणाला, "बाई पोचलेल्या आहेत. उद्या काही झालं तर म्हणतील, कडी बापानेच बसवली."

"मग नका बसवू. राहू दे पोरीला तिथेच."

त्याने बसवली. फक्त स्क्रू अर्ध्या इंचाचे घेतले. दिसायला भक्कम, एका धक्क्यात निघेल अशी. बायकोलाही सांगितलं नाही.

शुक्रवारी केंद्राची गाडी दारात थांबली. मुलगी गाडीतच बसून राहिली. प्रमुख एकट्या आत आल्या, बाथरूममध्ये गेल्या आणि कडी लावली.

"ढकला," आतून आवाज आला.

सुताराने दाराला नुसता हात लावला.

"जोरात."

"कशाला उगाच?"

"कारण ती पहिल्याच दिवशी हे करून पाहणार आहे."

त्याने खांदा लावला. कडी स्क्रूंसकट खाली पडली.

"आणि म्हणे वीस वर्षांचा अनुभव," बायको पुटपुटली.

प्रमुख बाहेर आल्या. "तिला हे तुम्ही सांगायचं. मी नाही."

तो गाडीपाशी गेला. मुलीने काच खाली केली.

"कडी बसवली होती," तो म्हणाला. "पण मुद्दाम कच्ची. भीती वाटली."

मुलीने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"लांब स्क्रू आहेत घरात?"

"आहेत."

"मग लावा, बाबा. तोवर मी उतरत नाही."