चिपांची वाट पाहणारी भट्टी

मित्रांनो, भट्टी म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे पाव येतील, नाहीतर विटा. मी तसली नाही. मी एक जुनी, लांबोडकी, लोखंडी भट्टी आहे आणि माझ्या पोटातून आयुष्यभर ग्राफिक्स कार्डं गेली. संगणकाच्या पडद्यावर तुम्ही गाड्या पळवता, राक्षस मारता, ती चित्रं ज्या कार्डामुळे दिसतात ना, तीच. आता मी थंड आहे. ताओयुआन शहरातल्या एका बंद कारखान्यात ताडपत्रीखाली उभी आहे. इथे बोलायला कुणी नाही, म्हणून तुमच्याशी बोलते.

माझं काम तसं सोपं होतं. हिरव्या बोर्डावर कथिलाची पेस्ट लावायची, तिच्यावर चिप आणि बाकीचे बारीकसारीक भाग बसवायचे आणि बोर्ड साखळीवरून माझ्यात सोडायचा. मी त्याला हळूहळू तापवायची, कथिल वितळवायची, मग हळूहळू निववायची. बाहेर येईपर्यंत चिप बोर्डाला घट्ट बसलेली असे. घाई केली तर चिप तडकते, हयगय केली तर कथिल कच्चं राहतं. माझ्या डोक्यावर मक्याच्या खाऊची एक हिरवी पिशवी कायम ठेवलेली असायची. त्या खाऊचं नावच ‘शहाण्यासारखं वाग’ अशा अर्थाचं, म्हणून यंत्राने नीट वागावं यासाठी आमच्याकडे ती ठेवतातच. शिळी झालेली चालत नाही, म्हणून मेइ-युन ती वेळच्या वेळी बदलायची.

मेइ-युन मला चालवायची. मालक चिउ तिएन-शेंग यांनी मला विकत आणलं, त्याच महिन्यात ती कामाला लागली. मला सुरू करताना ती माझ्या पत्र्यावर थाप मारून म्हणायची, "चल बाई, उठ. तुला पगार नाही म्हणून काय झालं?" अशी ती. तिच्या हाताखाली मी कधी रुसले नाही.

आता धंद्याचं सांगते, कारण माझं सगळं दुःख तिथलंच आहे. बोर्ड आमचा, पण चिप आमची नव्हे. चिप बनवणारी कंपनी सागरापारची. ती आम्हाला चिपा विकायची. आम्ही बोर्ड घडवायचा, पंखा बसवायचा, खोक्यात भरून आमच्या नावाने कार्ड बाजारात आणायचं. पण चिपा किती द्यायच्या, कधी द्यायच्या, कार्ड कोणत्या भावाने विकायचं, हे सगळं तीच ठरवणार. नव्या चिपेचा भाव तर आमच्या मालकांना दुकानदारांबरोबरच कळायचा. आमचा हात कायम तिच्या दगडाखाली.

सुरुवातीला असं नव्हतं हो. तेव्हा ती कंपनी लहान होती. तिच्या पहिल्या चिपा आल्या त्या दमट हवा पिऊन. भट्टीत गेल्या की तडकायच्या. बाकीच्या कारखान्यांनी ती खेप नाक मुरडून परत पाठवली. आमच्या मालकांनी नाही पाठवली. ते म्हणाले, "सुकवून बघू. नवीन पोरांचं दिवाळं काढून आपल्याला काय मिळणार?" मग मंद आचेवर त्या चिपा मी सुकवल्या आणि पुढे त्यांची कार्डं झाली. तेव्हा चिप कंपनीने आमच्याकडे एक नवखा इंजिनिअर पाठवला होता, को व्हिन्सेंट. दक्षिणेकडच्या तैनान शहरातला मुलगा, अगदी हडकुळा. माझ्या शेजारी स्टूल टाकून काम शिकला आणि मेइ-युनच्या डब्यातला भात खाऊन गुबगुबीत झाला. मालक त्याला पोरगाच म्हणायचे.

पुढे ती कंपनी वाढली, वाढली, आभाळाला टेकली. व्हिन्सेंटही वाढला. कोणत्या कारखान्याला किती चिपा द्यायच्या, हे पाहणारा साहेब झाला. तरी आमच्याकडे आला की आधी माझ्यापाशी यायचा, पत्र्याला हात लावायचा आणि मेइ-युनला विचारायचा, "ताई, म्हातारी कशी आहे?"

मेइ-युन म्हणायची, "कुठली म्हातारी विचारतोस, ही की मी?"

कारखान्याच्या शेवटच्या हिवाळ्यात हुआंग नावाच्या एक बाई अननसाच्या वड्यांचा डबा घेऊन आल्या. त्या दुसऱ्या चिप कंपनीच्या. मालक त्यांना कारखाना दाखवत होते, तेव्हा दोघं माझ्यापाशी थांबली. बाईंनी सरळ विचारलं, "आमच्या चिपांची कार्डं कराल? हो म्हणालात तर वर्षभर माल पुरवू. पण नववर्षाच्या सुट्टीआधी सांगा. नंतर मला दुसरीकडे शब्द द्यावा लागेल."

मालकांनी विचार करून सांगतो म्हटलं. या धंद्यात एक न लिहिलेला नियम आहे. दुसरीकडची कार्डं केली की पहिली कंपनी तुम्हाला रांगेत शेवटी उभं करते. पाण्यात राहून माशाशी वैर कोण घेणार? त्यात पहिल्या कंपनीकडून चिपा यायला गेले काही महिने उशीर होत होता. पुढच्या पिढीच्या चिपा आम्हाला मिळणार की नाही, यावर कारखान्यातल्या सगळ्यांचं पोट होतं.

मेइ-युन म्हणाली, "मालक, व्हिन्सेंटला विचारा ना. घरचाच आहे तो."

"विचारतो," मालक म्हणाले. "जेवायला येणारच आहे."

वर्षअखेरीचं जेवण आमच्याकडे कारखान्यातच असायचं. यंत्रं बंद करायची, दाराशी भूमिदेवाला नैवेद्य दाखवायचा आणि आमच्या ओळींमधून लाल कापडाची गोल टेबलं मांडायची. या जेवणात अख्खी कोंबडी येते, मुंडक्यासकट. जुनी रीत अशी की मालक तिचं मुंडकं ज्याच्याकडे करेल, त्याची नोकरी गेली. त्यामुळे ताट आलं की भल्याभल्यांचा घास अडकतो. आमचे मालक मात्र दरवर्षी ताट फिरवून मुंडकं स्वतःकडेच करायचे आणि म्हणायचे, "चला, यंदाही मलाच काढलं. तुम्ही जेवा." सगळे हसायचे आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडायचा.

मालकांचं टेबल माझ्या तोंडाशीच होतं. मालक, मेइ-युन आणि पाहुणा म्हणून व्हिन्सेंट. मी सगळं पाहिलं. व्हिन्सेंटने त्या रात्री माझ्या पत्र्याला हात लावला नाही.

मालकांनी त्याचा पेला भरला. "पोरा, मला एकच सांग. नव्या चिपा आम्हाला येतील ना? हुआंगबाईंना उद्या उत्तर द्यायचंय. तू नाही म्हणालास तर मी त्यांना हो म्हणतो. तू हो म्हणालास तर त्यांची वाट मोकळी करतो."

व्हिन्सेंटने पेला खाली ठेवला. "मालक, मला बोलता येत नाही. गुप्ततेच्या कागदावर सह्या घेतल्यात आमच्याकडून."

"अरे, आकडे नको सांगू. नुसतं हो की नाही."

तेवढ्यात कोंबडी आली. तिचं मुंडकं आचाऱ्याने कसंही, भिंतीकडे ठेवलं होतं. व्हिन्सेंटने हात पुढे केला आणि ताट हळूच फिरवलं. मुंडकं बरोबर मालकांसमोर आलं. मग त्याने मान वर करून मालकांच्या डोळ्यांत पाहिलं. ताटाची कड त्याने अजून सोडली नव्हती.

सगळा हॉल हसला. मेइ-युनने त्याच्या हातावर चापट मारली. "अरे, पाहुण्याने हात लावायचा नसतो. मालकांचं काम आहे ते."

मालकही हसले, खूप हसले. "बघा, माझी रीत याच्या अजून लक्षात आहे. याला म्हणतात घरचं माणूस. मला मिळालं माझं उत्तर." दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी माझ्याशेजारी उभं राहूनच हुआंगबाईंना फोन केला आणि नम्रपणे नकार दिला.

मला तेव्हाच काहीतरी टोचलं होतं, पण माझं कोण ऐकणार?

सुट्टी संपली. नव्या कार्डांची घोषणा झाली. मेइ-युनच्या फोनवर सगळे घोळक्याने पाहत होते. चिप कंपनीने सांगितलं की यापुढे बरीचशी कार्डं ती स्वतःच बनवून विकेल, उरलेली काही मोजके मोठे कारखाने बनवतील. त्यांची नावं एकेक करून पडद्यावर आली. आमचं नाव आलं नाही. कुणीतरी म्हणालं, अजून यायचं असेल. मेइ-युनने फोन खिशात घातला आणि आपल्या जागेवर जाऊन बसली.

मालकांनी हुआंगबाईंना पुन्हा फोन केला. त्यांनी दुसऱ्या कारखान्याला शब्द दिला होता.

तरी आम्ही चिपांची वाट पाहिली. मेइ-युन मला रोज तापवायची आणि मी रिकामी साखळी फिरवत राहायची. उरल्यासुरल्या चिपा संपल्या. माणसं एकेक करून गेली. मालक प्रत्येकाला दारापर्यंत सोडायला जायचे आणि परत येऊन उगाच झाडू मारत बसायचे. ज्या कंपनीच्या तडकलेल्या चिपा यांनी पोटाशी धरल्या, तिने साधं पत्रही पाठवलं नाही. गरज सरो, वैद्य मरो. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो, अजून वाटतं.

शेवटच्या दिवशी मला बंद करायला मेइ-युन एकटीच होती. माझी आच उतरत होती, तेव्हा दारात व्हिन्सेंट उभा दिसला. मेइ-युनने त्याला बस म्हटलं नाही.

"ते ताट," ती म्हणाली, "मुद्दाम फिरवलंस ना तू?"

त्याने होकारार्थी मान हलवली.

"मग दोन शब्द बोलायला काय झालं होतं?"

"नोकरी गेली असती, ताई. वाटलं, मुंडकं समोर आलं म्हणजे तुम्हाला काढलं, हे मालकांना कळेल."

"कसं कळेल रे? दरवर्षी ते मुंडकं स्वतःकडेच फिरवणारा माणूस तो. त्याला त्यात नवीन काय दिसणार होतं?"

इतक्यात मागून मालक आले. व्हिन्सेंटला पाहून त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मेइ-युनला म्हणाले, "याला काही बोलू नकोस हं. याचा काय दोष? वरच्यांनी याला तरी कुठे सांगितलं असेल? याला ठाऊक असतं तर याने मला सांगितलं असतं. इथे वाढलेला पोरगा आहे तो."

मेइ-युनने व्हिन्सेंटकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, म्हणजे त्याला बोलायला जागा दिली. तो जमिनीकडे बघत राहिला. तिच्या ओठांवर आलेलं तिने गिळलं. म्हाताऱ्याजवळ आता तेवढा एक विश्वासच उरला होता, तो कशाला मोडायचा, असं तिच्या मनात आलं असावं. ती म्हणाली, "चहा टाकते," आणि आत गेली.

मित्रांनो, सोमवारी भंगाराचा ट्रक येणार आहे. त्याचं मला दुःख नाही. लोखंड आहे मी, वितळून दुसरं काहीतरी होईन. तुम्हाला एवढंच मागते. आपल्या यंत्रांना जपा, ते तर कराच. पण तुमच्यावर विसंबलेलं माणूस त्याहून जपा. त्याच्याशी खुणांनी बोलू नका. नको असलेली गोष्ट असली तरी वेळेत, सरळ शब्दांत सांगा. त्या रात्री त्या टेबलापाशी खरं ठाऊक असलेला एकच जण होता. मी लोखंडाची, मला वाचा नव्हती. त्याला होती.